गार हातात असेपर्यंत: बेळगावच्या हवेत हिमकणांचा अभ्यास

प्रश्न खानापूर तालुक्यातल्या एका हायस्कूलच्या विज्ञानाच्या बाईंचा आहे. एप्रिलच्या वळिवात पडलेल्या गारा मुलांनी डब्यात भरून फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवल्या. दुसऱ्या दिवशी डबा उघडला तर सगळ्यांचा एकच गठ्ठा झालेला, आणि वजनही आदल्या दिवसाशी जुळेना. या गारांतून शास्त्रीय असं काय मोजता येईल? आणि पुस्तकात दिसतो तसा सहा पाकळ्यांचा हिमकण आपल्याकडे करून दाखवता येईल का?

बाई, दोन्ही होईल. पण आधी तो गठ्ठा का झाला ते बघू, कारण पुढची सगळी काळजी त्यातच आहे.

बर्फ शून्याच्या खाली गेला म्हणजे दगडासारखा निपचित पडून राहतो, असं नाही. वितळबिंदूच्या जवळ त्याच्या पृष्ठभागावरचे रेणू जवळजवळ पाण्यासारखे हालते असतात. दोन गारा एकमेकींना टेकल्या की टेकलेल्या जागी मान तयार होते आणि ती हळूहळू जाड होत जाते. साध्या फ्रीजचा बर्फाचा कप्पा बहुधा उणे 5 ते उणे 8 अंशांवर असतो, दार उघडलं की आणखी वर चढतो. त्यात गारा भरताना त्या ओल्या होत्या. ते पाणी फटींत गोठलं आणि गठ्ठा पक्का झाला. वजनाचं कोडं दोन बाजूंनी येतं. पंखा असलेल्या फ्रॉस्ट-फ्री फ्रीजमध्ये कोरडी हवा फिरत राहते, त्यात बर्फाची थेट वाफ होते आणि वजन घटतं. उलट जुन्या, बर्फाचा पापुद्रा धरणाऱ्या फ्रीजमध्ये हवेतला दमटपणा गारांवर बसतो आणि वजन वाढतं.

वाढीचा दुसरा प्रकार तर उघड्यावर, डोळ्यांदेखत घडतो. वळीव पडून गेल्यावर आपल्याकडे हवेचा दवबिंदू, म्हणजे हवेतली वाफ पाणी होऊ लागते ते तापमान, 20 अंशांच्या आसपास असतो. शून्य अंशाची गार अशा हवेत तराजूवर ठेवली की वाफ तिच्यावर येऊन पाणी होते. एक ग्रॅम वाफेचं पाणी होताना सुमारे 2500 ज्यूल उष्णता सुटते, आणि एक ग्रॅम बर्फ वितळायला 334 ज्यूल पुरतात. म्हणजे गारेवर एक ग्रॅम वाफ बसली की ती साडेसात ग्रॅम बर्फ वितळवून जाते. वितळलेलं पाणी तिथेच तराजूच्या ताटलीत राहतं, त्यामुळे काट्यावर वजन वाढताना दिसतं आणि गार मात्र लहान होत असते. मुलांना हे एकदा समोर दाखवाच. भौतिकशास्त्राचा एवढा सुंदर धडा दुसरीकडे फुकट मिळत नाही.

तेव्हा तयारी गारा पडायच्या आधी हवी. दुपारी आभाळ भरून वारा फिरला की धावाधाव करून काही होत नाही. थर्मोकोलची जाड पेटी घ्या. तीन भाग कुटलेला बर्फ आणि एक भाग जाडं मीठ असं मिश्रण तळाला आणि कडेनं भरा. सैद्धांतिक हद्द उणे 21 अंशांची आहे, प्रत्यक्षात उणे 15 ते 18 मिळतं. मधोमध स्टीलचा झाकणाचा डबा ठेवा. मीठ कुठल्याही परिस्थितीत गारेला लागता कामा नये, नाहीतर ती तिथल्या तिथे विरघळायला लागते. डब्यात चिमटा, चमचा आणि झिपच्या लहान पिशव्या आधीच थंड करून ठेवायच्या. प्रत्येक गार स्वतंत्र पिशवीत, हवा दाबून काढलेली. हातानं उचलायची नाही. टिपकागदावर क्षणभर लोळवून ओल काढली की लगेच पिशवीत. गारा रात्रभर ठेवायच्या तर आइस्क्रीमच्या दुकानातला वरून उघडणारा डीप फ्रीझर मागून घ्या. तो उणे 18 ते 20 ला असतो, आणि झाकण उघडलं तरी थंड हवा जड असल्यानं आतच राहते.

नमुना घेताना सगळ्यात मोठी चूक वेचण्यात होते. मुलं मोठ्यात मोठी गार उचलतात, मग सरासरी काढून काय उपयोग? मैदानावर एक मीटर बाय एक मीटरची जुनी चादर ताणून ठेवा आणि ठराविक दोन मिनिटांत तिच्यावर पडलेलं सगळं गोळा करा, साबुदाण्याएवढंसुद्धा. निदान तीस गारा हव्यात. मोठी मुलं असली तरी डोक्यावर हेल्मेट, आणि वीज कडाडत असेल तर कोणीही मैदानात जायचं नाही. चादर आधी टाकून ठेवावी, उचलायला वीज थांबल्यावर जावं. उशीर झाला तर गारा थोड्या वितळतील, तेवढं नोंदवहीत लिहायचं.

मोजायचं काय? व्यास तीन दिशांनी: सगळ्यात लांब, त्याच्या काटकोनात मधला, आणि सगळ्यात लहान. व्हर्निअर कॅलिपरची तोंडं थंड केलेली असावीत. उद्यमबागेतल्या कुठल्याही वर्कशॉपमध्ये व्हर्निअर उसना मिळेल. वजनाला सोनारकाटा, म्हणजे 0.01 ग्रॅम दाखवणारा. पंखा बंद. थंड वस्तूभोवती हवा खाली सरकते, त्यानं काटा हलत राहतो. म्हणून ताटलीवर थर्मोकोलचा पातळ तुकडा ठेवून शून्य करावं आणि पाच सेकंदांतला आकडा घ्यावा. 5 मिलिमीटरच्या वरची असेल तर तिला गार म्हणायचं. त्याहून लहान, पांढरी, बोटांत चुरगळणारी असेल तर तो ग्राउपेल, म्हणजे हिमकणावर अतिशीत (शून्याखाली असूनही न गोठलेल्या) पाण्याचे थेंब चिकटून झालेला भुसभुशीत गोळा. मोठ्या गारेच्या पोटात बऱ्याचदा असलाच एक ग्राउपेल असतो, तो पुढे दिसेल.

घनता काढणं हा या सगळ्यातला माझ्या मते सर्वांत मोलाचा भाग आहे, कारण गार कशी वाढली हे ती सांगते. शुद्ध, बुडबुडे नसलेल्या बर्फाची घनता घनसेंटिमीटरला 0.917 ग्रॅम. गारेची साधारण 0.7 ते 0.9 मध्ये येते, भुसभुशीत ग्राउपेल त्याच्या फार खाली जातो. पाण्यात बुडवून घनफळ काढता येत नाही. गार तरंगते आणि वितळते. रंगाच्या दुकानात मिळणारं टर्पेंटाइन घ्या, त्यात बर्फ बुडतो आणि विरघळत नाही. आधी त्याचीच घनता काढा: 50 मिलिलिटर मोजून वजन करा, बहुतेक 0.78 च्या जवळपास येईल. बाटली मिठाच्या बर्फात ठेवून थंड करायची. घरच्या फ्रीजमध्ये टर्पेंटाइन कधीही ठेवू नये, आतल्या थर्मोस्टॅटची ठिणगी वाफेला पेटवू शकते. वर्गात दिवा, मेणबत्ती काही नको आणि खिडक्या उघड्या असाव्यात.

आता काचेचं भांडं टर्पेंटाइनसह काट्यावर ठेवा. तांब्याच्या बारीक तारेचा लहानसा पिंजरा करून तो दोऱ्यानं वरच्या स्टँडला टांगा, तळाला आणि भिंतीला न टेकता द्रवात बुडवा आणि काटा शून्य करा. मग पिंजऱ्यात गार ठेवून तेवढ्याच खोलीला पुन्हा बुडवा. काटा जेवढा वाढेल तेवढं तिनं बाजूला सारलेल्या द्रवाचं वजन. समजा गार हवेत 3.60 ग्रॅम भरली आणि काटा 3.20 नं वाढला. 3.20 भागिले 0.78 म्हणजे 4.10 घनसेंटिमीटर. 3.60 ला 4.10 नं भागलं की घनता 0.88. इथे चूक होते ती छिद्रांमुळे. पांढऱ्या, पोकळ गारेत टर्पेंटाइन शिरतं, बुडबुडे वर येताना दिसतात आणि घनता खऱ्यापेक्षा जास्त निघते. बुडबुडे दिसले तर तो आकडा वापरू नका. अशा गारेचं घनफळ तीन व्यासांच्या गुणाकाराला 0.52 नं गुणून अंदाजे काढलेलं बरं.

गार कापून आत बघायची वेळ आली की मुलं वर्ग सोडत नाहीत. थंड केलेल्या काचपट्टीवर पाण्याचा एक थेंब टाकून गार चिकटवा आणि डीप फ्रीझरमध्ये अर्धा तास घट्ट होऊ द्या. मग खोलीच्या तापमानाच्या सपाट अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यावर हलक्या हातानं घासत निम्मी उडवा. धातू उष्णता पटकन देतो, त्यामुळे पृष्ठभाग आरशासारखा गुळगुळीत निघतो. करवतीनं तडे जातात. आता हा सपाट चेहरा दुसऱ्या पट्टीवर चिकटवून उलट बाजूनं घासत जा. दोन-तीन मिलिमीटर उरले की काळ्या कागदावर धरून बघा: पांढरी आणि पारदर्शक कडी एकाआड एक दिसतील.

त्यांचा अर्थ लावताना घाई करू नये. ढगात शून्याखालचं पण द्रवच असलेलं पाणी भरपूर असतं. फार शुद्ध, बारीक थेंब जवळपास उणे 38 अंशांपर्यंत न गोठता राहू शकतात. असा थेंब गारेवर आदळला की गोठताना उष्णता सोडतो. हवा थंड आणि थेंब थोडे असले तर उष्णता निघून जाते, थेंब आदळताक्षणी गोठतो, मधे हवा अडकते आणि थर पांढरा होतो. पाणी खूप असलं तर उष्णता वेळेत जात नाही, गार शून्य अंशावर ओलीच राहते, पाणी पसरून सावकाश गोठतं, हवा निसटते आणि थर काचेसारखा होतो. म्हणून प्रत्येक कडं म्हणजे गार ढगात एकदा वर-खाली गेली, असा जो हिशेब सांगितला जातो तो धरू नका. ढगाच्या एका पाणीदार पट्ट्यातून दुसऱ्या कोरड्या पट्ट्यात आडवं सरकूनही कडं बदलतं.

याच्या पुढची पायरी कष्टाची आहे, पण सोडू नका. तोच काप अर्ध्या मिलिमीटरपर्यंत पातळ करा. लॅपटॉपच्या एलसीडी पडद्यावर पूर्ण पांढरं पान उघडा, तो प्रकाश मुळातच ध्रुवित, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणारा असतो. पडद्यासमोर काप धरा आणि डोळ्यासमोर पोलरॉइड गॉगलची काच फिरवत न्या. पडदा काळा पडेल आणि बर्फाचा प्रत्येक स्फटिक वेगळ्या रंगात उजळेल: जांभळा, पिवळा, निळा. बर्फातून जाणाऱ्या प्रकाशाचे दोन भाग होतात, त्यांच्या अपवर्तनांकांत फक्त 0.0014 चा फरक असतो. अर्धा मिलिमीटर जाडीत त्यामुळे एक भाग दुसऱ्याच्या 700 नॅनोमीटर मागे पडतो, बरोबर दिसणाऱ्या रंगांच्या पट्ट्यात. दोन मिलिमीटरच्या कापात रंग फिके पडतात, म्हणून जाडीचा आग्रह. काही थरांत स्फटिक रव्यासारखे बारीक दिसतील, काहींत नखाएवढे. सावकाश, शून्याच्या जवळ गोठलेल्या थरात ते मोठे होतात.

आदळण्याचा जोर मोजायचा असेल तर मुलांना गणित आवडेल. गारेचा पडण्याचा वेग अंदाजे 9 गुणिले व्यासाचा 0.8 घात, व्यास सेंटिमीटरमध्ये आणि वेग मीटर प्रतिसेकंद. 1 सेंटिमीटरची गार साधारण 9 नं येते, 2 सेंटिमीटरची 16 च्या जवळ. वजन अर्ध्या ग्रॅमवरून पावणेचार ग्रॅमवर जातं. ऊर्जा 0.019 ज्यूलवरून 0.46 वर, म्हणजे व्यास दुप्पट आणि मार चोवीसपट. अथणीकडच्या द्राक्षबागेत हरभऱ्याएवढ्या गारांनी पानं फाटतात आणि लिंबाएवढ्यांनी काड्या सोलून निघतात, त्याचं कारण हेच. छपरावर तीस सेंटिमीटर चौरस, दाट फोमचा तुकडा अ‍ॅल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळून आडवा पक्का बांधा, पडणाऱ्या गारा त्यात खळगे पाडतील. टीव्हीच्या खोक्यातलं दाणेदार थर्मोकोल चालत नाही, दाणे निसटतात आणि खळग्याची कड कळत नाही. खळग्यांचं माप कळायला बेअरिंगच्या गोळ्या टाकून बघायच्या: 10 मिलिमीटरची गोळी 47 सेंटिमीटरवरून, 20 ची 1.4 मीटरवरून, 30 ची 2.8 मीटरवरून. तेवढ्याच व्यासाच्या गारेचा मार त्यात येतो. वाऱ्यानं तिरकी आलेली गार लांबट खळगा पाडते. तिथे आखूड बाजू मोजावी.

आता सहा पाकळ्यांकडे. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण 750 मीटरवर आहे आणि एप्रिल-मेमध्ये शून्य अंशाची रेषा साडेचार-पाच किलोमीटरवर असते. चार किलोमीटर ऊबदार हवेतून 2 सेंटिमीटरची गार चार-साडेचार मिनिटांत पार होते, म्हणून जमिनीपर्यंत पोचते. हिमकण सेकंदाला एक मीटरच्या आसपास तरंगत येतो, त्याला तासाहून जास्त लागेल. तो वाटेतच पाणी होतो. वळिवाचे पहिले टपोरे, गार थेंब बरेचदा असे वितळलेल्या बर्फाचेच असतात. जांबोटी-कणकुंबीकडे जुलैत दिवसरात्र पडणारी झड वेगळी. तिचे ढग बऱ्याच अंशी शून्य अंशाच्या रेषेखालीच राहतात आणि बर्फाशिवायच पाऊस देतात.

म्हणून स्फटिक इथे वाढवावा लागतो. जपानच्या होक्काइदो विद्यापीठात उकिचिरो नाकाया यांनी 1936 मध्ये पहिला कृत्रिम हिमस्फटिक सशाच्या केसाच्या टोकावर वाढवला. सुती आणि रेशमी धाग्यांवर नुसता दहिवराचा थर येत होता. सशाच्या केसावर मोजक्याच जागी स्फटिक धरले, म्हणून त्यांना वाढायला मोकळी जागा मिळाली. नाकायांनी मग तापमान आणि दमटपणा बदलत आकारांचा नकाशाच केला. उणे 2 च्या आसपास पातळ चकत्या, उणे 5 ला सुया आणि पोकळ स्तंभ, उणे 15 ला फांद्यांची चांदणी, उणे 22 च्या खाली पुन्हा जाड चकत्या आणि स्तंभ. सहा कोन येतात ते बर्फात पाण्याचे रेणू षटकोनी जाळीत बसतात म्हणून. फांद्या येतात त्या कोपरे बाहेरच्या वाफेत पुढे घुसतात म्हणून. जो कोपरा पुढे, त्यालाच वाफ जास्त. उणे 15 ला द्रव पाण्यावरचा वाफेचा दाब 1.91 हेक्टोपास्कल आणि बर्फावरचा 1.65 असतो. थेंबांना पुरेशी असलेली हवा बर्फाला सोळा टक्के जास्तीची वाटते, आणि थेंब आटत जाऊन स्फटिक फोफावतो.

सोपा प्रयोग डीप फ्रीझरचा. आतून काळं कापड लावा, भिंतीवरचा जुना पापुद्रा खरवडून काढा, नाहीतर त्याचेच तुकडे पडतात आणि प्रयोग फसतो. तापमान उणे 15 च्या खाली असल्याची खात्री तळाला आणि मध्यावर दोन थर्मामीटर ठेवून करा. झाकण उघडून दोन-तीनदा तोंडानं आत वाफ सोडा, टॉर्चच्या झोतात धुकं दिसेल. ते द्रव थेंबांचं आहे, शून्याखालचं असूनही. मग पॅकिंगचा फुगेवाला प्लास्टिक कागद घ्या, एक फुगा आत धरून फोडा. दाबाखालची हवा एकदम फुलते, क्षणात अतिशय थंड होते आणि तिथे अगणित बर्फकण जन्मतात. अर्ध्या-एक मिनिटात झोतात चमकणारे बिंदू दिसू लागतात, कारण त्यांच्या सपाट बाजू आरशासारख्या प्रकाश फेकतात. धुकं फार दाट केलं तर हवा ऊबदार होते आणि काहीच घडत नाही. मग पाच मिनिटं झाकून ठेवायचं. 1946 मध्ये व्हिन्सेंट शेफर यांनी अशाच फ्रीझरमध्ये सुक्या बर्फाचा, म्हणजे गोठवलेल्या कार्बन डायऑक्साइड वायूचा तुकडा टाकला होता, आणि कृत्रिम पावसाच्या आधुनिक प्रयोगांची सुरुवात तिथून झाली. कण मोजायचे तर सम वजनाची साखर आणि पाणी यांचा पाक बशीत ओतून आत थंड करा. पडलेला प्रत्येक कण पाकात वाढून पांढरा ठिपका होतो.

डोळ्यांना दिसणारी चांदणी मात्र सुक्या बर्फाशिवाय होत नाही. मिठाच्या बर्फानं उणे 15 मिळतं ते भांड्याच्या भिंतीलगतच, मधल्या धाग्यापर्यंत ते पोचत नाही. सुका बर्फ उणे 78.5 अंशांचा असतो, चार-पाच किलो लागेल. अर्धा लिटरची पाण्याची बाटली तळापासून दीड सेंटिमीटरवर कापा. कापलेल्या तळात ओला स्पंज टाचण्यांनी बसवा. त्याच्या मधून मासे धरायचा बारीक नायलॉनचा दोरा ओवा आणि खालच्या टोकाला कागदाची क्लिप अडकवा. बाटली उलटी, झाकण लावलेलं तोंड खाली, थर्मोकोलच्या भांड्यात उभी करा. स्पंजाचा तळ वर टोपीसारखा बसवून टेपनं जोडा. भांड्यात बाटलीभोवती कुटलेला सुका बर्फ निम्म्या उंचीपर्यंत भरा. वरून वाफ उतरते, खाली थंडी. मधे कुठेतरी उणे 15 ची जागा येते. पाच-दहा मिनिटांत दोऱ्यावर तेवढ्याच पट्ट्यात फांद्या फुटतात आणि तासाभरात चांगल्या वाढतात. वर-खाली त्याच दोऱ्यावर सुया आणि भरड दाणे दिसतील. नाकायांचा नकाशा एका दोऱ्यावर उतरलेला असतो. बाटली हलवली की आतली हवा ढवळते आणि सगळा दोरा दहिवरानं भरतो. दोऱ्याला तेलकट बोटं लावली तरी तेच. आधी साबणानं धुवून, चिमट्यानं ओवा.

स्फटिक एकदा झाला म्हणजे तसाच राहतो असंही नाही. आइस्क्रीमच्या जुन्या डब्याच्या झाकणाखाली पैलूदार, साखरेसारखे दाणे वाढलेले तुम्ही पाहिले असतील. ऊबदार बाजूची वाफ थंड बाजूला जाऊन बसते. हिमालयात जमिनीलगतचा बर्फ शून्याच्या जवळ आणि वरचा उणे 15-20 ला असतो. मीटरमागे 10 अंशांहून जास्त फरक पडला की खालच्या थराचे असेच सुटे दाणे होतात. त्यांच्यावर नवा बर्फ साचला की उतार घसरतो. बेळगावच्या मराठा सेंटरमधून, म्हणजे मराठा लाइट इन्फंट्रीच्या प्रशिक्षण केंद्रातून, जे जवान त्या भागात जातात, त्यांच्या सुरक्षिततेचा हा विषय आहे. तिथे खड्डा खणून थराथराचं तापमान घेतात आणि ठराविक घनफळाच्या डब्यात बर्फ भरून वजन करतात. ताज्या बर्फाची घनता घनमीटरला 50 ते 150 किलो, वाऱ्यानं दाबलेल्याची 250 ते 400. तुमची मुलं हेच फ्रीझरच्या पापुद्र्यावर 100 घनसेंटिमीटरच्या डब्यानं करू शकतात.

सुक्या बर्फाबद्दल शेवटचं. जाड कापडी हातमोजे घालूनच हाताळा, नुसत्या बोटांना लागला तर भाजल्यासारखा फोड येतो. गाडीतून आणताना काचा उघड्या ठेवा. झाकण घट्ट बसणाऱ्या बाटलीत किंवा थर्मासमध्ये कधीही भरू नका, वायूच्या दाबानं ती फुटते. वायू जड असल्यानं बंद खोलीत जमिनीलगत साठतो, तेव्हा प्रयोग ओसरीवर करावा आणि मुलांना खाली बसवू नये. उरलेला बर्फ मोरीत ओतायचा नाही, थंडीनं पाइप तडकतो. मुलांच्या हाताला लागणार नाही अशा मोकळ्या जागी पसरून ठेवा, आपोआप उडून जाईल.